हिराकाकीच्या देव्हाऱ्यातला राजा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, सरांना नाही, जिच्याबरोबर रोज बोईसरहून पालघरला शटलने जायचे त्या मैत्रिणीलाही नाही. तसं पाहिलं तर मोठं काही घडलंच नव्हतं — कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं घर मोडलं नाही, कुणी पोलिसात गेलं नाही. बोटाच्या पेराहून लहान अशी थोडी चांदी एका घरातून बाहेर गेली, एवढंच. मग हे लिहायला बसले तर पहिल्याच ओळीवर हात का अडखळला? लहानशी गोष्ट असती तर अडखळला असता का?

आधी छंदाबद्दल सांगते. म्हणजे — तेवढं सांगणं सोपं आहे म्हणून.

आमचं गाव तारापूरच्या बाजूचं, अगदी किनाऱ्यावरचं. बा बोटीवर जायचा, आई वाणगावच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची. कॉलेजची पायरी चढणारी घरातली मी पहिली. चढले खरी, पण तोंड उघडायची भीती वाटायची. बोलताना मधेच 'हाय' नाहीतर 'नाय' बाहेर पडेल आणि पुढच्या बाकावरच्या मुली वळून बघतील, म्हणून मी मागे बसायचे आणि गप्प राहायचे.

इतिहासाच्या सरांनी एकदा तासाला एक डबी आणली. डबीत कापूस आणि कापसात करंगळीच्या नखाएवढं चांदीचं नाणं. सर म्हणाले, हे क्षत्रपांचं, दीड हजार वर्षांहून जुनं. बाहेरून आलेले राजे, पण गुजरातपासून आपल्या किनाऱ्यापर्यंत त्यांचं राज्य होतं. नाणं हातोहात फिरत शेवटी माझ्याकडे आलं. भिंग लावलं तर त्यात एक माणूस होता. भरघोस मिशी, वर आलेलं गालाचं हाड, मानेवर रुळणारे केस. सरांनी वर्गाला विचारलं, हा पुस्तकातल्या चित्रांपैकी कोणता? कुणी बोलेना. मी म्हटलं, खालच्या ओळीतला दुसरा, याचं नाक तसंच टोकाला वाकलंय. कॉलेजात सगळ्यांसमोर काढलेलं माझं ते पहिलं वाक्य. आणि ते बरोबर निघालं.

तुम्हाला कधी असं झालंय का — सगळीकडे अंग चोरून वावरायचं, आणि अचानक एक जागा सापडते जिथे आपल्याला काहीतरी येतं?

मला ती जागा सापडली. सरांनी शिकवलं तसं मी शिकत गेले. आधी नाक, मग मिशी, मग डोळ्याची ठेवण, गळपट्टा. सर मात्र बजावून सांगायचे, चेहरा फसवतो. मुलगा गादीवर आला तरी ठसे कोरणारा कारागीर बापाचंच तोंड कोरत राहतो. एकाच राजाची दोन नाणी दोन वेगळी माणसं वाटतात. म्हणून चेहऱ्यावर थांबायचं नाही, मागची अक्षरं वाचायची, आणि दोन्ही जुळली तरच नाव घ्यायचं.

नाणी विकत घेणं मला कुठलं परवडायला? मी ठसे घ्यायचे. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद नाण्यावर ठेवून बोटाने दाबत, घासत गेलं की राजा कागदावर उतरतो. हे कागद मला बोईसर स्टेशनबाहेरच्या पानवाल्याकडे मिळायचे. तिथे कारखान्यातली माणसं पाकिटं टाकून जायची. एकदा मी वाकून गोळा करताना त्यातल्या एकाने विचारलं, "दीदी, कब से शुरू की?" आणि सगळे हसले. मीही हसले. मला काही वाटलं नाही, खरंच. गावातही हेच. कुणाच्या घरी जुना पैसा निघाला की मी कागद घेऊन हजर. आमच्या आळीतल्या बायका आईला म्हणायच्या, "तुजी पोर कॉलेजात शिकते का मुंडकी गोला करते?" आई म्हणायची, "करू दे. तुमच्या पोरांसारकी कोंबड्यांची तरी मुंडकी मोडत नाय."

हे सगळं मी लांबवतेय. कळतंय मला.

हिराकाकीचं घर आमच्या घराला लागून. तिचा नवरा फार वर्षांपूर्वी समुद्रात गेला. गावातली एक अख्खी बोट वादळात सापडली, माणसं परत आली नाहीत, कुणाचं काही हाती लागलं नाही. काकी तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली, लहानच. तिला मूल नव्हतं. दिराच्या घरात ती राहिली, त्याची पोरं तिने वाढवली, बोंबील वाळवले, विकले. आमच्याकडे रीत अशी की असा माणूस गेला आणि सापडला नाही, की त्याचा चांदीचा टाक, म्हणजे तोंड उमटवलेला लहानसा तुकडा, करून देव्हाऱ्यात देवांबरोबर बसवायचा. मग तो घरातच असतो. सणाला त्याला आंघोळ घालायची, हळदकुंकू वाहायचं, घरात काही नवीन आलं की त्याच्यापुढे ठेवायचं. काकीच्या नवऱ्याचा टाक तिच्या सासूने आणून बसवला होता. कुठून, कसा — ते काकीला ठाऊक नव्हतं. त्या दिवसांत तिला कुणी काही विचारलंही नव्हतं.

दिवाळीनंतर काकी आमच्या ओटीवर आली. पदराखाली काहीतरी होतं. इकडेतिकडे बघून म्हणाली, "बाय, तू त्या कागदावर तोंडां उतरवतेस ना? यांचा पन उतरव." काकी टाक दर सणाला चिंच आणि राख लावून घासायची. घासून घासून नाक झिजत चाललं होतं. तिच्याकडे नवऱ्याचा फोटो नव्हता. त्या काळी आमच्यात कुणाचाच नसायचा. ती म्हणाली, "खरा सांगू? मला आता ते आटवतच नायत. डोले मिटले का हाच दिसते. हा पन पुसून गेला तर मी कोनाला आटवू?"

हे तिने मला सांगितलं. गावात कुणाला सांगितलं नसेल असं मला सांगितलं. आणि मी काय केलं?

मी टाक हातात घेतला आणि उजेडात धरला. भरघोस मिशी. गालाचं हाड. मानेवर केस. हनुवटीखाली एक खड्डा, काठाला टवका. उलटा केला तर मागे तीन कमानींचा डोंगर, वर चंद्रकोर, खाली नागमोडी रेघ — अगदी सरांच्या डबीतल्या नाण्यासारखं. मी ओरडलेच. म्हटलं, "काकी, हे काका नाहीत! हा राजा आहे!"

त्या वेळचा माझा आवाज मला अजून ऐकू येतो. त्यात आनंद होता. तुम्ही म्हणाल, पोर होती, शोध लागला, हरखली. असेल. पण काकीचा चेहरा मी तेव्हा बघितला होता. माझं तर कामच होतं ना, चेहरे बघायचं. तो बघूनही मी थांबले नाही. तुझ्या सासूला हे नाणं कुठेतरी सापडलं असणार, तिने तेच बसवलं, हा बाहेरून आलेला राजा, याचा आपल्याशी काही संबंध नाही — असं सगळं मी तिला समजावून सांगितलं. सर समजावतात तसं. शुद्ध भाषेत.

काकीने टाक माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाली, "म्हंजे इतकी वरसां मी कोनाला आंगोल घातली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टाक केळीच्या पानात गुंडाळून घेऊन आली. हातात देतानाही तिने पान सोडलं नाही, टाकाला बोट लावलं नाही. "कालिजात ने," म्हणाली. "परका बाप्या घरात नको." आणि गेली. मी तिला थांबवलं नाही. मला ते नाणं हवंच होतं — हे लिहिताना लाज वाटते, पण हवं होतं.

इथपर्यंतची चूक अजाणतेपणाची आहे. इथपर्यंतचंच असतं तर मी हे लिहिलं नसतं.

सरांकडे नेण्याआधी मी टाक लिंबाने स्वच्छ केला आणि सरांनी दिलेल्या भिंगाखाली धरला. मागची अक्षरं वाचायची होती. अक्षरं फुगीर होती, कडा बसलेल्या. मला वाटलं झीज. पण राजाच्या चेहऱ्याभोवती, मोकळ्या जागेत, बारीक बारीक लाटांसारख्या रेघा होत्या. एकाशेजारी एक, जवळजवळ. त्या मी कुठेतरी बघितल्या होत्या. पुस्तकात नाही — हातात धरून.

आमच्याकडे जाळ्यात माकुल येतं. त्याच्या पाठीत पांढरं, हलकं हाड असतं; औषधवाले त्याला समुद्रफेस म्हणतात. लहानपणी आम्ही त्याने पाटी घासायचो. ते नखाने कोरता येतं इतकं मऊ, आणि आतून अशाच बारीक लाटांचं. जुने सोनार त्याचाच साचा करायचे. दोन तुकडे घासून सपाट करायचे, मधे वस्तू दाबायची, काढून घ्यायची, आणि त्या पोकळीत चांदी ओतायची. वस्तूबरोबर हाडाच्या रेघाही चांदीवर उतरतात; ठशाने ठोकून पाडलेल्या खऱ्या नाण्यावर त्या नसतात. आमच्या गावातली कुठलीही म्हातारी हे सांगेल.

मी भिंग खाली ठेवलं. स्वतःला म्हटलं, ओरखडे असतील.

तसं मला खरंच वाटलं होतं का? नाही. पण टाक दाखवला तेव्हा सर इतके आनंदले. आपल्याच भागात सापडलेलं, आपल्याच विद्यार्थिनीने ओळखलेलं. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात मधलं टेबल तुझं, म्हणाले. माझं नाव ते स्वतःच्या हाताने पुठ्ठ्यावर लिहिणार होते.

त्यानंतर भावाचं लग्न निघालं. लग्नाआधी घरचे देव उजळायचे म्हणून आईने ते घंगाळात काढले आणि घासायला मला बसवलं. आमच्याही देव्हाऱ्यात एक टाक होता, बाच्या चुलत्याचा. तोही त्याच बोटीवर होता. त्याच्यावर शेंदराची एवढी पुटं बसली होती की आत काय आहे ते मी कधी बघितलंच नव्हतं. कोमट पाण्यात भिजवून मी पुटं काढली.

आत तीच मिशी होती. तेच गालाचं हाड.

तुम्हाला वाटेल, दोन नाणी सारखी असू शकतात. असू शकतात, एकाच ठशाची असली तर चेहरा सारखा येतो. पण हनुवटीखाली तोच खड्डा? काठाचा तोच टवका, त्याच जागी? वापरातली दोन नाणी कधी एकसारखी झिजत नाहीत, एकसारखी फुटत नाहीत. आणि चेहऱ्याभोवती त्याच माकुलाच्या लाटा. म्हणजे एका जुन्या नाण्याच्या नकला. बोट बुडाली, माणसं गेली, घराघरातून लोक सोनाराकडे टाक करायला आले. तोंड कुणाचं काढायचं? फोटो कुणाचाच नाही. त्याच्याकडे एक जुना पैसा होता, मिशीवाला, रुबाबदार. त्याने तो हाडात दाबला आणि गेलेल्या प्रत्येकाला तेच तोंड दिलं.

काकीच्या देव्हाऱ्यात कुणी परका नव्हता. तो टाक तिच्या नवऱ्यासाठीच केलेला होता, त्याच्याच नावाने बसवलेला होता. नाणं म्हणून तो खोटा होता, टाक म्हणून खरा. आणि मी नेमकं उलटं सांगून बसले होते.

काकीचं घर दहा पावलांवर होतं. परसातून तिचा आवाज येत होता, दिराच्या नातवावर ओरडत होती. उठून जायचं आणि सांगायचं — काकी, चुकले मी, ते काकाच आहेत. किती वेळ लागला असता?

मी उठले नाही. मी आमचा टाक पुसला, त्याला नवा शेंदूर लावला — जाड, चेहरा झाकेल असा — आणि जागच्या जागी ठेवला. आमचा माणूस आमच्या घरात राहिला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सरांनी टाक पुन्हा निरखला. म्हणाले, "जुने सोनार कधी कधी अशी साच्यातून नक्कल काढायचे. दुसरं असंच हुबेहूब कुठे दिसलं असेल तर सांग हं. मग राजाचं नाव लावताना विचार करावा लागेल." त्यांनी सरळ विचारलं. रागावले नसते ते. कदाचित याचंच त्यांना जास्त कौतुक वाटलं असतं, हे मला आज कळतं. मी म्हटलं, "नाही सर." स्वच्छ उच्चार केला. 'नाय' नाही, 'नाही'.

बा प्रदर्शनाला आला होता. भावाच्या लग्नात शिवलेला सदरा घालून. पुठ्ठ्यावरचं माझं नाव त्याला वाचता येत नव्हतं, तरी तो त्याच्यापुढे उभा राहिला. बाजूला कुणी आलं की म्हणायचा, "माजी मुलगी हाय." मी त्याच्या शेजारी उभी होते आणि टेबलाकडे बघत नव्हते.

गावात गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. आमच्या आळीला थट्टेला नवं कारण मिळालं. पाण्यावर काकी आली की कुणीतरी म्हणायचं, "सरा सरा, रानीसाहेब आल्या." किंवा, "हिरे, राजानं काय दागिने ठेवलेत का नुसताच आंगोल करून गेला?" आमच्यात अशी थट्टा चालते, कुणी मनावर घेत नाही. काकीही उलट बोलायची — तुज्या घरात भिकारी हाय त्यापेक्षा बरा, असं काहीतरी. हसायची. पण पुढे ती पाण्याला उशिरा यायला लागली, सगळ्या गेल्यावर. आईच्या लक्षात आलं. आई म्हणाली, "बिचारीला उगाच बोलतात." मी भात कालवत होते. कालवत राहिले.

टाक सरांनी मला परत दिला होता. तुझा शोध, तुझ्याकडे राहू दे, म्हणाले. म्हणजे तो माझ्याजवळ होता. कधीही नेऊन देता आला असता. पण नुसता देऊन चालणार नव्हतं, सांगावं लागलं असतं. आणि सांगितलं की सरांपर्यंत जाणार, बापर्यंत जाणार. हे मी कारण म्हणून देत नाही. हे फक्त असं होतं.

नारळी पौर्णिमेला काकीने मला हाक मारली. घरातली सगळी किनाऱ्यावर गेली होती, ती एकटीच होती. म्हणाली, ये, खोबरं घेऊन जा. देव्हाऱ्यापाशी पाट टाकला. टाक जिथे असायचा तिथे तिने मूठभर तांदळावर एक सुपारी ठेवली होती. हळद लावलेली, कुंकू वाहिलेली, पुढे नारळाची वाटी.

मी बघतेय हे तिने बघितलं. म्हणाली, "ही बरी. हिला तोंडच नाय. कोन येऊन सांगनार नाय, हा दुसराच हाय म्हनून."

ती चिडून बोलली नाही. टोमणाही नव्हता. मग माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत म्हणाली, "तू शिकलीस म्हनून कलला, बाय. नायतर मेल्यावर त्यांना काय सांगितला असता? दुसऱ्यालाच पुजत बसली व्हती म्हनून?" आणि माझ्या गालावरून हात फिरवला. तिच्या हाताला वाळत्या मासळीचा आणि हळदीचा वास होता.

तेव्हा सांगायला हवं होतं. त्याहून योग्य वेळ कोणती असणार होती? घरात तिसरं कुणी नव्हतं. माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते, असंही म्हणणार नाही — ते खरं नाही. शब्द आलेच नाहीत. मी खोबरं खाल्लं. ती म्हणाली, गोड हाय ना? मी म्हटलं, हो.

त्यानंतर दोन पावसाळे ती होती. रोज दिसायची. मी कॉलेजला निघाले की हात वर करायची. मग एका थंडीत ताप आला आणि ती गेली. मी तिच्या घरी गेले तेव्हा सुतक म्हणून बायकांनी देव्हाऱ्यावर कापड टाकलं होतं. वाऱ्याने ते एका बाजूने उचललं गेलं. आत सुपारी होती.